पट्टी शून्यावर नसते तेव्हा

शालेय शिक्षणाच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या 'असर'ने 2023 साली देशातल्या 28 ग्रामीण जिल्ह्यांत 14 ते 18 वर्षांच्या मुलामुलींची पाहणी केली. तिच्यात एक साधा प्रश्न होता. पट्टीजवळच्या वस्तूची लांबी किती? वस्तूचे टोक शून्यावर होते तेव्हा सुमारे 85 टक्के मुलांनी बरोबर उत्तर दिले. टोक शून्यावरून हलवून पुढच्या एका आकड्यावर नेले, तेव्हा बरोबर उत्तर देणारी मुले 39 टक्केच उरली.

शिक्षणावरच्या अहवालांत वाचनाचे आणि भागाकाराचे आकडे गाजतात, हा आकडा मात्र फारसा गाजला नाही. मला तो सगळ्यांत बोलका वाटतो. शेवटचा आकडा वाचणे म्हणजे मोजणे, असे या मुलांनी धरले आहे. लांबी म्हणजे दोन आकड्यांमधला फरक, हे त्यांच्या हाती कधी आलेच नाही. वीजबिलावरचे मागचे आणि चालू रीडिंग, ब्युरेटवरचे सुरुवातीचे आणि शेवटचे रीडिंग, दुधाच्या कॅनचे रिकाम्याने आणि भरून केलेले वजन, या सगळ्यांत तीच एक कल्पना आहे. ती ज्याच्या हातात बसली, त्याला उद्या कोणतेही नवे मापनयंत्र दिले तरी तो आधी त्याचे शून्य कुठे आहे ते विचारील.

विज्ञान शिकण्याची किंमत काय, या प्रश्नाचा आढावा आपल्याकडे बहुधा प्रवेशांच्या आकड्यांनी घेतला जातो. किती मुले विज्ञान शाखेला गेली, कटऑफ कितीवर थांबला, किती जागा वाढल्या. शाखेचे भाव त्यातून कळतात. पण निरीक्षण करणे, मोजणे, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणे, आलेला आकडा न बदलता लिहिणे आणि आपले म्हणणे खोटे कसे ठरेल याचा आधीच विचार करणे, ही कौशल्ये वेगळी आहेत. शाखेला मागणी वाढत असताना याच कौशल्यांना शाळेत जागा कमी होत गेली, आणि रोजगाराच्या बाजारात मात्र त्यांच्यावाचून अडते, हे या लेखाचे म्हणणे आहे.

साध्या लंबकाचाच प्रयोग घ्या. एक मीटर लांबीच्या लंबकाला 20 आंदोलने पूर्ण करायला सुमारे 40 सेकंद लागतात. त्यावरून गुरुत्वीय त्वरण काढायचे आणि उत्तर 9.8 च्या आसपास यायचे. आता मोजताना एक आंदोलन चुकले आणि 19 लाच 20 म्हटले, तर उत्तर सुमारे 10.9 येते. मोजणीतली चूक पाच टक्क्यांची, उत्तरातली तिच्या दुपटीहून थोडी अधिक, कारण सूत्रात काळाचा वर्ग आहे. चूक कुठून आली, ती उत्तरात वाढली का, ती कमी करायला 20 ऐवजी 50 आंदोलने मोजावीत का, हे प्रश्न त्या 10.9 मधूनच निघतात. भौतिकशास्त्राचा अर्धा स्वभाव या एका 'चुकीच्या' उत्तरात शिकवता येतो.

प्रत्यक्षात काय होते ते विज्ञान शाखेतून गेलेल्या कुणालाही सांगायची गरज नाही. 10.9 खोडले जाते. 9.8 वरून उलटे गणित करून रीडिंग बसवली जातात किंवा मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवली जातात. जर्नलवर सही होते, सबमिशन पार पडते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आपण दोन वर्षे सराव देतो तो हाच, की अपेक्षित उत्तर आधी ठरलेले असते आणि आकडे त्याला शोभतील असे लिहायचे असतात. हा धडा तो विसरत नाही. रॅनबॅक्सी या आपल्या एका मोठ्या औषध कंपनीने 2013 साली अमेरिकेत गुन्हा कबूल करून 50 कोटी डॉलर भरले. आरोपांत चाचण्यांच्या खोट्या माहितीचाही समावेश होता. त्यानंतरही अमेरिकी औषध प्रशासनाच्या इशारापत्रांत भारतीय कारखान्यांतल्या नोंदींच्या विश्वासार्हतेचा मुद्दा पुन्हा पुन्हा आला. शाळेतल्या जर्नलपासून तिथपर्यंत सरळ रेषा काढणे घाईचे होईल. पण नोंदवहीत आकडा खोडणे ही गंभीर गोष्ट आहे, असे ज्याला कुणी कधी सांगितलेच नाही, तो माणूस गुणवत्ता नियंत्रणाच्या टेबलावर बसतो तेव्हा कंपनीला ते सांगावे लागते, आणि तोवर उशीर झालेला असू शकतो.

शाळेला आणि महाविद्यालयाला दोष देऊन हा विषय संपत नाही, कारण त्यांची वेळापत्रके प्रवेशपरीक्षा ठरवतात. बारावी विज्ञानाच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्राला बोर्डाने 70 गुण लेखी आणि 30 प्रात्यक्षिकाला ठेवले आहेत. कागदावर वाटणी चांगली आहे. पण वैद्यकीयसाठी नीट, अभियांत्रिकीसाठी जेईई किंवा सीईटी आणि बारावीचे गुण केवळ पात्रतेपुरते, अशी व्यवस्था झाल्यावर त्या 30 गुणांचे वजन कुणाला वाटणार? नीट, जेईई, सीईटी यांपैकी एकाही परीक्षेत विद्यार्थ्याला उपकरणाला हात लावावा लागत नाही. त्यातून क्लास आणि कनिष्ठ महाविद्यालय यांची 'इंटिग्रेटेड' व्यवस्था उभी राहिली. नाव एका महाविद्यालयाच्या पटावर, मूल दिवसभर क्लासमध्ये, आणि प्रयोगशाळा फेब्रुवारीत काही दिवस उघडणार. 2018 साली राज्य सरकारने विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तो याच प्रकाराला आळा घालण्यासाठी. हजेरी लावून घेता येते. पण प्रयोगाला किंमतच नसेल, तर हजर असलेले मूलही तिथे प्रश्नसंचच सोडवणार.

लातूर पॅटर्नने मराठवाड्यातल्या हजारो घरांतून पहिला डॉक्टर, पहिला अभियंता घडवला, हे मात्र विसरता येणार नाही. पुण्या-मुंबईच्या मुलांची मक्तेदारी मोडायला शिस्त, सराव आणि वारंवार चाचण्या यांचाच आधार मिळाला. ज्यांच्याकडे दुसरी शिडी नव्हती त्यांना या परीक्षांनी शिडी दिली. म्हणून प्रवेशपरीक्षांना सरसकट नावे ठेवणारे लेखन मला अपुरे वाटते. तक्रार एवढीच, की या परीक्षा जे मोजत नाहीत ते शिकवणे आपण थांबवले.

हाताचे काम मोजता येत नाही म्हणून ते परीक्षेत नसते, हा युक्तिवादही टिकत नाही. आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाडमध्ये 50 पैकी 20 गुण प्रयोगाला असतात. आपल्या देशातला या ऑलिंपियाडांचा कारभार मुंबईतले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पाहते, आणि तिथल्या शिबिरांत निवडलेली मुले तासन् तास उपकरणांशी झटापट करतात. म्हणजे प्रयोग शिकवणे आणि तपासणे आपल्याला येते. ते मूठभरांसाठी राखून ठेवले आहे, इतकेच. सर्वसामान्य शाळांतल्या मुलांपर्यंत पोहोचणारा मराठी प्रदेशातला मोठा प्रयत्न म्हणजे बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाने 1981 साली सुरू केलेली डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा. सहावी आणि नववीच्या मुलांसाठी लेखी, मग प्रात्यक्षिक, मग कृतिसंशोधन प्रकल्प आणि मुलाखत असे तिचे टप्पे आहेत. शिक्षकांनी स्वतः उभारलेली ही रचना आहे. आता तिचेही क्लास निघाले आहेत आणि प्रकल्पात पालकांचा हात दिसतो. तरीही सहावीतल्या मुलाला स्वतःचा प्रश्न शोधायला लावणारे दुसरे एवढे मोठे व्यासपीठ मराठीत नाही.

हाताने विज्ञान कसे शिकवायचे, या प्रश्नाचा इतिहास पाहिला, तर उत्तरे सापडली नाहीत असे म्हणता येत नाही. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेतून नयी तालीम पुढे आली. हाताच्या कामातून शिक्षण हा तिचा गाभा. पुढे ती सूतकताईपुरती उरली. खरा मोठा प्रयोग झाला मध्य प्रदेशात. 1972 साली रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर आणि अनिल सद्गोपाल यांची किशोर भारती या संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ खेड्यातल्या शिक्षकांबरोबर बसून धडे लिहीत. विच्छेदनाच्या सुईऐवजी बाभळीचा काटा चालतो, असे शोध वर्गातच लागत. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवायची मुभा होती, प्रात्यक्षिक परीक्षा वेगळी होती. मुलांनी विचारलेल्या प्रश्नांना 'सवालीराम' या नावाने पत्रोत्तरे जात. पुढे एकलव्य संस्थेने हे काम शेकडो शाळांत नेले. 2002 साली राज्य सरकारने ते बंद केले. पुढच्या बोर्डाच्या परीक्षेत मुले मागे पडतात, हा विरोधकांचा एक मोठा आक्षेप होता. तीस वर्षे चाललेले काम परीक्षेच्या भीतीने थांबते, याची हळहळ आजही वाटते. अरविंद गुप्ता याच कामातून घडले. आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून भूमिती शिकवणारी त्यांची खेळणी पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगणातून मराठी मुलांच्या हाती आली.

महाराष्ट्रात सत्तरच्या दशकातच वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली होमी भाभा केंद्राने जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरात काम केले. तिथून एक महत्त्वाची गोष्ट हाती आली. विज्ञान समजण्यात पाठ्यपुस्तकाची अवघड भाषाच आडवी येते, आणि भाषा सोपी केली की त्याच मुलांचे आकलन सुधारते. पुढे मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर केंद्राने केलेल्या कामातूनही हेच दिसले, की उणीव बुद्धीची नव्हती, मिळालेल्या संधीची होती. आज सेमी-इंग्रजीच्या लाटेत व्याख्या पाठ करणारी आणि स्वतःच्या शब्दांत एक वाक्यही न सांगू शकणारी मुले पाहताना कुलकर्णींचे ते काम आठवत राहते.

आणि पाबळ. शिरूर तालुक्यातल्या या अवर्षणग्रस्त गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतली डॉक्टरेट आणि हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातला अनुभव घेऊन ते इथे आले. त्यांच्या आखणीत आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात. वेल्डिंग, सुतारकाम, वायरिंग, शेती-पशुपालन, माती तपासणी, हिमोग्लोबिन तपासणी, अन्नप्रक्रिया. शिकवणारे पुष्कळदा गावातलेच कारागीर असतात, आणि तयार वस्तू किंवा सेवा गावाला विकली जाते. यातली शेवटची अट मला फार मोलाची वाटते. वेल्डिंग केलेले फाटक कुणीतरी पैसे देऊन घेणार असेल तर माप चुकवून चालत नाही. शिक्षकाची सही मिळते म्हणून ते बरोबर ठरत नाही, ते बिजागरीत बसते म्हणून बरोबर ठरते. राज्य बोर्डाने हा विषय मान्य केला. शाळा सोडलेल्या मुलांसाठी वर्षाचा वेगळा अभ्यासक्रमही तिथे चालतो. हा प्रयोग चाळीस वर्षांनंतरही मुख्य प्रवाहाबाहेर का राहिला? शाळांकडे जागा-पैसा नाही, हे कारण नेहमी सांगितले जाते. माझ्या मते त्याहून खोल कारण आपल्या समाजाच्या मनात आहे. हाताचे काम खालच्याचे आणि डोक्याचे काम वरच्याचे, ही जातीने शिकवलेली विभागणी आपण शाळेत जशीच्या तशी आणली. पालक मुलाला विज्ञानाला घालतात ते हात मळू नयेत म्हणूनच.

रोजगाराकडे वळले की मात्र चित्र पालटते. आपल्या राज्यात विज्ञानाची कौशल्ये रोज पैशात मोजणारे लोक पुष्कळदा विज्ञान शाखेत गेलेलेच नसतात. निफाड, दिंडोरी, तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांचेच पाहा. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. त्यानंतर वाढणाऱ्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड सूक्ष्म रूपात तयार होतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करताना काडी कितव्या डोळ्यावर कापायची, यावर वर्षाचे उत्पन्न ठरते. म्हणून शेतकरी काड्या तपासायला पाठवतो. प्रयोगशाळेत एकेक डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो, आणि घड कोणत्या डोळ्यांत आहे ते सांगितले जाते. काप नीट न आल्यास घड हुकतो. त्याआधी शेतकऱ्याने काड्या फक्त रस्त्याकडच्या ओळींतून तोडल्या असतील, तर अहवाल त्या ओळींपुरताच खरा ठरतो. नमुना कसा घ्यावा, हा संख्याशास्त्राचा धडा त्याने बागेत शिकलेला असतो. पुढे देठ परीक्षण, मग काढणीच्या वेळी रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स, म्हणजे साखरेचे प्रमाण. तिथेही एकाच घडाचे मणी घेतले तर आकडा फसवतो.

2010 च्या हंगामात या बागायतदारांना मोठा फटका बसला. युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि माल अडकला. वेलीची अनावश्यक वाढ रोखण्यासाठी हे रसायन वापरले जात होते आणि निर्यातीपूर्वीच्या तपासणीच्या यादीत ते नव्हते. युरोपची मर्यादा होती किलोमागे 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम. त्यानंतर फवारणीची तारीख, मात्रा आणि काढणीपूर्वीचे थांबायचे दिवस वहीत लिहिणे हा धंद्याचाच भाग झाला. प्रयोगाची नोंदवही प्रामाणिक का ठेवायची, हे या शेतकऱ्यांना पटवून द्यावे लागत नाही.

दुधाच्या धंद्यातही असेच आहे. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) धरून ठरतो आणि त्याखाली गेले की कपात सुरू होते. लॅक्टोमीटर ठरावीक तापमानासाठी बनवलेला असतो. दूध कोमट असेल तर ते पातळ होते, लॅक्टोमीटर जास्त बुडतो, आकडा कमी येतो. तापमानाची दुरुस्ती केली नाही तर कपात उत्पादकाच्या माथी पडते. आता केंद्रांवर इलेक्ट्रॉनिक यंत्रे आली आहेत. तिथे प्रश्न विचारायचा तो कॅलिब्रेशनचा. आठवीपर्यंत शिकलेल्या एखाद्या ताईला हा प्रश्न विचारता आला, तर तिच्या घरात महिन्याला चार पैसे जास्त येतात. पाण्याचेही तसेच. हिवरे बाजार या गावात पर्जन्यमापकाच्या नोंदीवरून पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडला जातो आणि कोणती पिके घ्यायची ते त्यावर ठरते. पीक न लावण्याचा निर्णय एका आकड्यावर विश्वास ठेवून घ्यायचा, याला धैर्य लागते. तो आकडा कुणी आणि कसा घेतला हे सगळ्यांना ठाऊक असेल, तरच असा विश्वास बसतो.

पदवीधरांच्या बाजूला बातमी इतकी बरी नाही. रसायनशास्त्राचा बी.एस्सी. झालेला तरुण तारापूर, कुरकुंभ किंवा वाळूजच्या कारखान्यात जातो, तेव्हा त्याला विचारतात पिपेट धरता येते का, द्रावण बनवता येते का. पुष्कळांना येत नाही. मग पदवीनंतर पदरचे पैसे भरून एचपीएलसी या पृथक्करण तंत्राचा वेगळा कोर्स करायचा. तीन वर्षांच्या पदवीत जे मिळायला हवे होते ते बाहेर विकत घ्यावे लागते, ही आपल्या विद्यापीठांसाठी नामुष्कीची गोष्ट आहे. नुसत्या कौशल्याने पगार वाढतो, असेही कुणी समजू नये. कंत्राटी लॅब टेक्निशियन रोज शेकडो नमुने तपासतो आणि त्याचे वेतन वर्षानुवर्षे हलत नाही. कौशल्याची किंमत द्यायला लावणारी व्यवस्था नसेल, तर कौशल्य असलेला माणूस स्वस्तात राबवला जातो.

मुलींचा प्रश्न स्वतंत्रपणे पाहायला हवा. 'असर'च्या त्याच पाहणीत अकरावी व त्यापुढे शिकणाऱ्या निम्म्याहून अधिक ग्रामीण मुलांनी कला शाखा घेतलेली दिसते. विज्ञान-तंत्रज्ञानाकडे मुलगे सुमारे 36 टक्के तर मुली 28 टक्के आहेत. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींना 1933 साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत केवळ बाई म्हणून प्रवेश नाकारला गेला. त्या हटल्या नाहीत, एका वर्षाच्या अटीवर प्रवेश मिळवला आणि 1939 साली केंब्रिजची डॉक्टरेट घेतली. त्यांची ही लढाई आपण अभिमानाने सांगतो, पण मुंबईत परतल्यावर त्यांनी काय केले ते कमी सांगतो. त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केले, आरे दूध प्रकल्पाला सल्ला दिला, आणि ग्राहक चळवळीत भेसळ ओळखण्याच्या चाचण्या सामान्य गृहिणींपर्यंत पोहोचवल्या. केंब्रिजमध्ये वनस्पतींतल्या सायटोक्रोम सी या प्रथिनावर काम करणारी बाई तेवढ्याच गांभीर्याने मुंबईच्या स्वयंपाकघरातली भेसळ तपासायला शिकवते. विज्ञानाच्या कौशल्याचे यापेक्षा मोठे मोल मला ठाऊक नाही. शाळेतल्या मुलींना त्यांची ही बाजूही सांगितली पाहिजे.

सरकारी योजना कमी नाहीत. अटल टिंकरिंग लॅबला एका शाळेमागे 20 लाखांपर्यंत अनुदान मिळते. मी पाहिलेल्या काही शाळांत थ्रीडी प्रिंटर होता आणि त्याच शाळांत प्रयोगशाळा सहायकाचे पद रिकामे होते. उपकरण एकदा विकत घेता येते, त्याच्या शेजारी उभे राहून मुलाला पुन्हा मोजायला सांगणारा माणूस दर महिन्याला पगार मागतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अनुभवातून शिकण्यावर भर आहे, पण राज्याच्या अंदाजपत्रकात या माणसासाठी तरतूद दिसेपर्यंत त्या भराला फारसा अर्थ नाही.

सुरुवात कुठून करता येईल, याचे एक उत्तर आधीच बोर्डाच्या हातात आहे. दहावीच्या विज्ञानाला 20 गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. बहुतेक शाळांत ते मुक्तहस्ते दिले जातात आणि हे शिक्षक-पालक दोघांनाही ठाऊक आहे. यातले निम्मे गुण, म्हणजे अवघे 10, पाठ्यपुस्तकात नसलेल्या एका छोट्या प्रश्नासाठी ठेवावेत. बाहेरच्या परीक्षकाने तो त्या दिवशी द्यावा, पुस्तक-वही उघडी असू द्यावी. दोन विहिरींचे पाणी दिले आहे, कोणत्या पाण्यात साबणाला फेस कमी येतो ते ठरवा आणि कसे ठरवले ते लिहा. हा रबर किती वजनाला किती ताणला जातो याचा आलेख काढा आणि तो सरळ रेषेत का आला नाही ते सांगा. गुण देताना परीक्षकाने तीनच गोष्टी पाहाव्यात. रीडिंग किमान तीनदा घेतले का, न पटणारा आकडा खोडला नाही ना, आणि शेवटी निष्कर्षाबद्दल शंका लिहिली का. होशंगाबादच्या शिक्षकांनी उघड्या पुस्तकाची आणि प्रात्यक्षिकाची परीक्षा वर्षानुवर्षे घेऊन दाखवली आहे. इथे तर कारागीर, बागायतदार, दूध संकलक आणि कारखान्यातले केमिस्ट असे परीक्षकही गावोगाव तयार आहेत.